तेल धरणारी माती

३ नोव्हेंबर
लातूरहून एसटीनं उमरीला आले आणि तिथून ऑटोनं गावात. कडेवर चार महिन्यांची चिऊ, हातात दोन बॅगा, आणि थाट असा की जणू कलेक्टर होऊन आले! नोकरी गाळण केंद्रावर. यांची बदली होईपर्यंत आम्ही दोघीच इथे राहणार. पेट्रोल पंपाची जुनी टाकी पाझरून गावच्या विहिरीत डिझेल उतरलंय. ते पाणी आम्ही औषध लावलेल्या मातीतून सोडतो. ही माती पाणी जाऊ देते, तेल तेवढं धरून ठेवते आणि फुगते. आज गाळलेल्या पाण्याचा वास घेतला. नुसतं पाणी! मला हसूच आलं.

५ नोव्हेंबर
चिऊला सांभाळायला गुणाबाई येतात. तिला तेलानं चोळतात, टाळू भरतात. नव्या खोलीत लेकरू आलं की भिंती पांढऱ्या मातीनं पोताराव्या लागतात, असा त्यांचा हट्ट. केंद्रात आमच्या त्याच पांढऱ्या मातीचं एक पोतं फुटलं होतं. माती बाहेर द्यायची नाही असा नियम आहे. पण न वापरलेली कोरी माती काय करणार, म्हणून मीच दिली. खोली कशी लख्ख झाली!

९ नोव्हेंबर
समईतलं तेल गेलं, वात मात्र न जळलेली. क्षणभर गुणाबाईंवर संशय घेतला, मग माझीच मला लाज वाटली. माझे केसही कोरडे पडलेत.

१२ नोव्हेंबर
टाळू भरली की दहा मिनिटांत कोरडी. गुणाबाई म्हणाल्या, लेकरू लई सुकून राहिलंय. उमरीच्या डॉक्टरांनी वजन केलं. लातूरहून निघताना केलं होतं त्यापेक्षा अर्धा किलो कमी. अंगावर पाजा म्हणाले. पाजतेच आहे. पाळण्याजवळची भिंत फुगलीय.

१४ नोव्हेंबर
भिंत खरवडायला घेतली. धूळ उडाली आणि चिऊच्या अंगावर बसली. वळ्यांत, पापण्यांवर. धुतलं तरी निघत नाही. ही माती पाणी जाऊ देते. तेल –
मी दिली. मीच –

१५ नोव्हेंबर
तेलाचा अख्खा डबा भिंतीवर ओतला. पी बाई, पण तिला सोड. डबा संपला. सकाळच्या एसटीनं लातूर –

१६ नोव्हेंबर
बॅगा भरल्या. चिऊ रडत नाही. गुणाबाई दारातच थांबल्यात, आत येत नाहीत, भिंतीकडे बोट दाखवतात. फुगवटा हाताला कोमट लागतो. मऊ. मधोमध उडतंय – टाळू उडते तसं –
चिऊच्या टाळूवर हात ठेवलाय. कधीचा ठेवलाय. चिऊची उडत –