टायवाल्यासाठी भरलेली बरणी

३ जानेवारी, सकाळ
सर्वांची विचारपूस केली. बायकोचा गुडघा कुरकुरतो, पण तिच्यापेक्षा कमी. नातीचा खोकला गेला. माझा रक्तदाब उत्तम, टायवाल्याचं नाव निघेपर्यंत.
टायवाला म्हणजे टाय लावून शिकवणारा समोरचा क्लासवाला. मी जन्मभर रेडिओ दुरुस्त करत फिजिक्स शिकलो, पोरांना फुकट शिकवतो. त्याने एकेक करून सगळी पळवली. उरली नात. काल तीही विचारत होती, आजोबा, मी तिकडे जाऊ का.
सूड घेणे आवश्यक.

५ जानेवारी
प्लॅन पक्का. रविवारी घरी जाहीर प्रयोग. काचेच्या बरणीला आतबाहेर फॉइल, झाकणातून आत पोचणारा खिळा. प्लास्टिकचा पाइप लोकरीने घासून खिळ्याला लावत राहायचं, प्रभार साठतो. मग आदराने म्हणायचं, सर, जरा धरता का. एक हात फॉइलला, दुसरा खिळ्याला. पोरांसमोर टुणकन उडेल. इजा नाही, फक्त शोभा. मी काही क्रूर माणूस नाही.

८ जानेवारी
तालीम झकास. ठिणगी पडली. बायको म्हणाली, या वयात शोभतं का. म्हटलं, शोभायला करतंय कोण.

१० जानेवारी, रविवार, संध्याकाळ
ठिणगी दिसावी म्हणून खिडक्या बंद केल्या. चहाचं आधण खोलीतच ठेवलं. पाहुणचारात कसूर नको.
पाइप घासून खांदा गेला. पाइपजवळ धरलेला कागदाचा कपटा हलेना. नात जमिनीकडे बघत बसली.
टायवाला उठला. आधण उतरवलं, खिडक्या उघडल्या, बायकोकडून ड्रायर मागून पाइप, बरणी वाळवली. पोरांना म्हणाला, दमट हवेत प्रभार टिकत नाही, चूक आजोबांची नाही, वाफेची. भर सभेत माझी बाजू घेतली. काय हा डाव.
मग त्याने पाइप घासला. कपटे टपाटप चिकटले. बरणीही भरली म्हणाला, हात लावू नका. म्हटलं, भरते कसली, आणि एक हात फॉइलला, दुसरा खिळ्याला लावून दाखवला.
चष्मा कपाटाखाली गेला. टायवाल्याने काढून, पुसून दिला.

१२ जानेवारी
नातीला त्याच्याकडे पाठवलं. हेरगिरीसाठी. तिला वाटतं, ती स्वतःच गेली.
आल्यावर तिने शिकवलं: दोन प्रभारांतलं अंतर निम्मं केलं की बल चौपट. हे मला माहीत होतं. इतकं सोपं असतं हे नव्हतं.

१५ जानेवारी
शत्रू जवळून पाहावा. नातीबरोबर चिठ्ठी दिली: सर, आपली प्रकृती बरी असेल. पुढच्या बाकावर एक जागा मिळेल का? विद्यार्थ्याला लांबचं दिसत नाही. शिस्तीची हमी त्याची बायको घेते. उत्तर लवकर पाठवावे.