बोंबलाचं जोडाक्षर

५ जानेवारी, सोमवार
रिटायर झाल्यापासून पहिल्यांदा काहीतरी भव्य सुचलं. रोजच्या वस्तूंत लपलेली अक्षरं शोधायची, मोबाइलवर फोटो काढायचे. खुंटीला टांगलेली पळी म्हणजे हुबेहूब 'ठ'! बायकोला दाखवलं. वत्सला म्हणाली, आधी पळी द्या, आमटी खाली लागते. घरात कलेची किंमत शून्य.

८ जानेवारी
गच्चीत पाइपला चाळणी बांधून 'व' काढला. तवाही वर नेलाय, स्पेअर म्हणून. वत्सला माहेरी गेली, दातिवऱ्याला. भावाकडे बोंबील सुकवायला माणसं कमी आहेत म्हणे. दरवर्षी जात नाही, यंदाच कशी आठवण झाली? जाताना म्हणाली, घरात तवा नाय, चाळणी नाय, भाकरी काय हातावर भाजू? रागावलेली वाटली नाही. बॅग मात्र मोठी होती.

१० जानेवारी
बोईसर स्टेशनबाहेर दोनदा चहा. घरात करमत नाही. कुकरची शिट्टीही नाही. निर्णय: फोटोंतून तिच्या नावाची फ्रेम करायची. बघून विरघळेल आणि परत येईल. 'व' आहेच. एमआयडीसीत एका गेटजवळ सायकलचं हँडल आणि दोन खांब मिळून 'ला' झाला. वॉचमनने विचारलं, क्या नाप रहे हो अंकल? सांगितलं, बीवी का नाम. त्याने बसायला खुर्ची दिली.

१३ जानेवारी
'त्स' कुठेच नाही! कोळगावपर्यंत वणवण. चप्पल तुटली. तुटलेल्या चपलेचा फोटो काढला. चप्पलच दिसते.

१६ जानेवारी, दातिवरे
सापडला!! वलांडीवर, म्हणजे बांबूंना ताणून बांधलेल्या दोऱ्यांवर, बोंबील जबड्यात जबडा अडकवून जोडीने टांगतात. वरची दोरी म्हणजे शिरोरेघ, खाली तयार जोडाक्षर. वत्सलाने चहा दिला. हसलीसुद्धा. म्हणाली, आलात तर हात लावा, ही रांग सुकली की रविवारी येते तुमच्यासंगती. अर्थात, म्हटलं.
बाकीचे बोंबील फ्रेममध्ये लुडबुडत होते. मंडळी जेवायला गेल्यावर एक जोडी ठेवून सगळी रांग उतरवली. नीट ढीग केला, वर ताडपत्री घातली. पाहुण्याने पसारा करू नये. फोटो अप्रतिम! फ्रेमवाला बंद व्हायच्या आत बोईसर गाठायचं होतं, त्यामुळे परत टांगायचं राहिलं. ते काय, कोणीही टांगेल.

१७ जानेवारी
मेव्हण्याचे, पुंडलिकचे, सकाळपासून मिस्ड कॉल. कौतुक असणार. उद्या प्रत्यक्षच स्वीकारावं.

१८ जानेवारी, रविवार
वास रस्त्यावरच आला. ढीग सगळा सडलेला. पुंडलिक म्हणाला, भावोजी, ओला बोंबील झाकून ठेवतात काय? ही तुमच्या बायकोनं लावलेली रांग हाय. मनात म्हटलं, हे मला आधी कोणीतरी सांगायला हवं होतं. वत्सला माझ्याकडे न बघता सडके बोंबील टोपलीत भरत होती. त्याचीच भीती वाटली.
फ्रेम दिली. तिने बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, चाळणी माजी हाय.
बोलली तरी! सगळी रांग नव्याने लावायची आहे, मग बघू, म्हणाली. भरलेली बॅग दाराशी होती, ती उचलून आत नेली.

२४ जानेवारी
फोन केला. पुंडलिकने उचलला. वत्सलाने फ्रेम वलांडीवरच टांगलीय, म्हणजे कायमचं प्रदर्शन. उन्हात काच लखलखते, त्यामुळे कावळे येत नाहीत.
वत्सलापण येत नाही.