ठमाबाईने एनिमा नीट दिला होता

अंबरनाथ,
ता. ९ डिसेंबर १९५४

तीर्थरूप दादा,

वृंदाचा नमस्कार. वहिनींनाही सांग, मुलांना आशीर्वाद. इकडे सगळं ठीक म्हणायचं. यांना मुंबईच्या इस्पितळातून घरी आणून तीन आठवडे झाले. फॅक्टरीने रजा वाढवून दिली आहे. शौचासाठी पोटावर जी वाट काढून दिली आहे, तिथली पट्टी मी दिवसातून चारदा बदलते. हे भिंतीकडे तोंड करून पडून असतात.

तू डॉक्टर आहेस म्हणून विचारते. आतड्यातली गाठ काढण्याआधी पोट इतकं रिकामं करावंच लागतं का? मला कोणी सरळ सांगतच नाही. पाच दिवस एरंडेल, एनिमा आणि नुसती पेजेची निवळ. सहाव्या दिवशी सर्जन दिल्लीला गेले, ऑपरेशन पुढे गेलं. आठवड्याने पुन्हा तेच सगळं, तर ऑपरेशनची खोली मोकळी नाही. तिसऱ्या खेपेला हे नुसते उठून बसले तरी अंधारी यायची. मोठे डॉक्टर म्हणाले, "आत घाण राहिली तर टाके धरत नाहीत." त्यांच्या हाताखालचे डॉ. शरदचंद्र जिन्यात भेटले, ते म्हणाले, "अपघाताचा रोगी येतो तेव्हा त्याचं पोट कुठे रिकामं असतं? तरी बरे होतात. उपासानेच माणूस जास्त खचतो." दोघंही शिकलेले. मी कोणाचं ऐकायचं?

ऑपरेशननंतर पाचव्या दिवशी आतले टाके सुटले. पोट पुन्हा उघडावं लागलं. मग चौकशी झाली आणि ठपका आला वॉर्डातल्या आयेवर, ठमाबाईवर. म्हणे तिने एनिमा अर्धवट दिला. तिला कामावरून काढलं.

ती शिरगावची. परवा दुपारी पत्ता शोधत आली आणि दारात उभी राहिली. "बाय, पानी निवल येयेपरत दिला मी. तुमी बघत व्हत्या. सायबाला येवडाच सांगा."

मी "बघते" म्हटलं. तिला बससुद्धा म्हटलं नाही.

दादा, तिने खरंच नीट दिला होता. त्यानंतर, ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी, यांनी माझा हात धरला. "वृंदा, दोन घास दे. मग उद्या काय व्हायचं ते होवो." माझ्या डब्यात मऊ भात होता. चार घास भरवले. काही खायला दिलं का, असं नर्सने विचारलं, नाही म्हटलं. चौकशीतही नाहीच म्हटलं.

त्या चार घासांनी टाके सुटले का, ते लिही. धीर देण्यासाठी काही लिहू नकोस. पण तुझं उत्तर काहीही आलं तरी ठमाबाईचं काम माझ्या खोटं बोलण्याने गेलं, भाताने नाही. सोमवारी इस्पितळात जाऊन तसं लिहून देणार आहे.

आज सकाळी यांना हे सांगितलं. भिंतीकडचं तोंड माझ्याकडे वळवून म्हणाले, "मागितलं मी होतं. तेही लिही."

गेल्या दोन पत्रांत तुझ्यापासूनही हे लपवणारी तुझी बहीण,
वृंदा