उसन्या आवाजाची विमाने

प्लायवूडचे दोन आसनी कॉकपिट एक. पीव्हीसी पाइप आणि सायकलच्या स्प्रिंगा जोडून केलेले सुकाणू एक. पायाने विमान वळवायचे पायडल, शिलाई मशीनचे. लातूरची धावपट्टी, कडेच्या बाभळींसह, संगणकात मोजून बसवलेली. एकशे चाळीस विमानांचे रंगकाम. आणि कॉम्प्युटरवर उडवायच्या दोन हजार तीनशे चौदा विमानांची मांडणी. एवढे मी, नागसेन पंढरी सोनकांबळे, वय ४५, धंदा डीटीपी व फ्लेक्स, राहणार लातूर, याने स्वतःच्या हाताने केले. शिकवायला कोणी नव्हते.

त्याच हाताने, डोके ठिकाणावर असताना आणि शेजारी बसून सांगणारे कोणी नसताना, मी हे मृत्युपत्र लिहीत आहे. अक्षर थरथरते ते डायलिसिसमुळे. त्याचा वेगळा अर्थ कोणी काढू नये. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. लातूरचे राहते घर, खालचे दुकान व छपाईचे मशीन माझी पत्नी ज्योत्स्ना हिला. मशीन विकायचे झाल्यास आधी पुसून घ्यावे. घाण मशीनला गिऱ्हाईक भाव पाडून मागते.

२. भूकंपानंतर सरकारने औसा तालुक्यात बांधून दिलेले दोन खोल्यांचे घर माझ्या नावावर आहे. ते शांतम्मा आत्याने हयात असेपर्यंत वापरावे, पुढे माझी मुलगी उर्वी हिचे. आत्याशी माझे बोलणे नाही. त्र्याण्णव साली मी एकोणीस वर्षांचा होतो. आई ढिगाऱ्याखाली होती, आम्ही हाताने दगड उचलत होतो, तेवढ्यात शेतात हेलिकॉप्टर उतरले. सगळे त्यातून काय देतात ते बघत होते. मी पाती फिरायची कशी थांबतात ते बघत उभा राहिलो. आत्या ओरडली, "आई आत हाय रे तुजी, आन् तू काय बघायलास!" आई दुपारी निघाली. ती पहाटेच गेली होती असे डॉक्टर म्हणाले, पण आत्याने ते कधी ऐकून घेतले नाही, गावभर सांगत राहिली. तरी घर तिलाच. पत्र्याचे खिळे मी बदलून दिले आहेत, पावसात गळणार नाही.

३. कॉकपिट खोलून प्लायवूड ज्योत्स्नाने कपाटाला वापरावे. पायडल तिच्याच मशीनचे आहे, ते तिला परत. ती नेहमी म्हणायची, "दोन हजार विमानं घरात, आन् बायकोला हैदराबादला न्यायचं तर एसटीनं."

४. आता विमाने. जगभरची माणसे नोकरी करून उरलेल्या वेळात ही बनवतात आणि इंटरनेटवर ठेवतात. सोबत फाइलीतच बनवणाऱ्याचा इंग्रजी माहितीचा कागद असतो. इंग्रजी मी शाळेत नाही, डिक्शनरी घेऊन त्या कागदांवर शिकलो. कोणी विमाने देशावार लावतात, कोणी कंपनीवार. दोन्ही चूक. बहुतेक विमानांना स्वतःचा आवाज नसतो, वेग-उंची दाखवणारे काटेही नसतात. ती दुसऱ्या विमानाकडून उसने आणतात. म्हणून मी घराणी पाडली: आवाज देणारे थोरले विमान आधी, घेणारी त्याच्या मागे, आणि जिथे उसनवारी तुटण्याची भीती तिथे त्या फाइलीची एक प्रत घेणाऱ्याच्या फोल्डरातच. तेरा वर्षे हे केले.

उर्वी मेडिकलच्या परीक्षेला दुसऱ्यांदा बसते आहे. गेल्या जूनमध्ये मी दवाखान्यात भरती असताना क्लासने लेक्चरचे व्हिडिओ दिले आणि डिस्कवर जागा नव्हती. तिने डबल फाइली शोधून काढणारा एक फुकटचा प्रोग्राम चालवला. सगळ्याची नक्कल असलेली माझी दुसरी डिस्क मीच जोडून ठेवलेली होती. प्रोग्रामला तीही डबलच दिसली. तीनशे विमानांत असलेली फाइल कुठेतरी एकाच ठिकाणी उरली.

घरी आल्यावर मी एक विमान सुरू केले. ते उडाले. आवाज नाही, काट्यांच्या जागी काळी भोके.

"उर्वे, हितं काय केलीस?"

"डबल-डबल होतं बाबा, ते काढलं. लई जागा मोकळी झाली."

"डबल न्हवतं गं ते. उसनं होतं."

ज्योत्स्ना सैपाकघरातून म्हणाली, "आवाज गेला तर गेला. घरात जरा निवांत तरी वाटंल." मग उर्वी रडायला लागली तशी ती गॅस बंद करून बाहेर आली.

कोणती फाइल कुठे-कुठे हवी हे माझ्या डोक्याशिवाय कुठेच नाही. मांडणी हेच लिहून ठेवणे, असे मी समजत होतो. तेव्हापासून सतराशे दोन विमाने पुन्हा बोलती केली. सहाशे बारा मुकी आहेत. डायलिसिसहून आल्यावर आता पडद्यावरचे अक्षर दोन-दोन दिसते. ती माझ्याने व्हायची नाहीत, दुसऱ्या कोणाला करता यायची नाहीत. हे मी बरेच दिवस मानले नव्हते.

५. सबब मुकी विमाने पुसून टाकावीत. अर्धे विमान कोणाला देऊ नये, बनवणाऱ्याचे नाव खराब होते. हे काम माझे मित्र अंबरीश यांनी करावे, त्यांनी कबूल केले आहे. उर्वीला सांगू नये. ती स्वतःहून करते म्हणाली तरी तिला करू देऊ नये. मोकळ्या जागेत तिने लेक्चर भरावीत.

बोलती विमाने अंबरीशने इंटरनेटवर फुकट ठेवावीत, प्रत्येकासोबत बनवणाऱ्याचा कागद जसाच्या तसा. एकही विकू नये. कॅनडातल्या एका म्हाताऱ्याने कागदात लिहिले आहे की बायको वारली, दिवस जाईना, म्हणून हे विमान केले. फुकट घ्या, विकू नका. विकण्याचा विषय निघाला तेव्हा ज्योत्स्ना म्हणाली, "त्या म्हाताऱ्याला काय कळायलंय, लातुरात कोण विकलं ते?"

मी म्हणालो, "त्याला न्हाई कळणार."

उर्वी म्हणाली, "विका ना बाबा. माझ्यासाठी तरी विका." मी उठून दुकानात गेलो.

६. ज्यांचे टॉपर मुलांचे फ्लेक्स मी दरवर्षी करतो त्या क्लासचे माधवराव सर माझे कॉकपिट बघून म्हणाले होते, "सोनकांबळे, हे वय काय खेळण्याचं आहे का?" पुढच्या आठवड्यात पाहुणे घेऊन दाखवायला आले. त्यांनी माझ्या श्रद्धांजलीचा फ्लेक्स लावू नये. लावलाच तर अक्षरांतले अंतर सारखे ठेवावे आणि माझ्या फोटोमागे ढग टाकू नयेत.

७. ज्योत्स्नाची किडनी मला जुळते, ती द्यायला तयार आहे. हैदराबादच्या दवाखान्याने सरकारी मदत वजा जाता साडेपाच लाख सांगितले आहेत. ते आमच्याकडे नाहीत. घर विकायचे नाही, गहाण टाकायचे नाही, हे मी जिवंतपणीच बजावले आहे. उर्वीने वर्षभर अभ्यास सोडून दुकान चालवावे असे मायलेकींचे ठरत होते, ते मी मोडले. ती पास झाली तर चांगलेच. नाही झाली तर माझे नाव काढून तिला कोणी बोलू नये. डिस्कबद्दल तर कधीच नाही. मी तिला त्या दिवसानंतर एक शब्द बोललो नाही, चांगलाही नाही. पुढे बसून बोलावे तर शब्द सुचत नाहीत, म्हणून इथे लिहिले.

वरील सात कलमे मी स्वतः दोनदा वाचली. खाडाखोड नाही. दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली, त्यांनी माझ्यासमोर केली.

ठिकाण: लातूर
दिनांक: १८ नोव्हेंबर २०१९

(सही) नागसेन पंढरी सोनकांबळे

साक्षीदार १: (सही) अंबरीश वसंत जोशी, शिक्षक, राहणार लातूर.

साक्षीदार २: (सही) सर्वेश दिगंबर पाठक, राहणार नांदेड, मॉलमधील कॉम्प्युटर खेळांच्या केंद्राचे मालक. यांनी याच महिन्याच्या दोन तारखेला माझ्या घरी बसून, ज्योत्स्ना व उर्वी यांच्यासमोर, सतराशे दोन बोलत्या विमानांचे मांडणीसकट रोख सहा लाख रुपये देऊ केले. मी नाही म्हणालो.