रसिका कुठल्या गटात?

१७ नोव्हेंबर, सोमवार

टॅब आले. पाच! माझ्या आठवीच्या वर्गाला पाच, म्हणजे एका गटाला एक. मुख्याध्यापक म्हणाले, "उत्तरा मॅडम, गटकार्य दिसलं पाहिजे हं. अकरा डिसेंबरला संस्थेच्या कार्यवाह बघायला येतायत." दिसलं पाहिजे. झालं नाही तरी चालेल बहुतेक.

विषय दिला — आपल्या भागातलं पाणी. प्रत्येक गटाचं एक पान. लिंक असली की ते कुठूनही उघडतं. एकाने लिहिलं की सगळ्यांना दिसतं, वर्गातल्या मोठ्या बोर्डावरसुद्धा. प्रशिक्षणात हे सगळं फार सुंदर वाटलं होतं. प्रशिक्षणात मुलं नसतात.

१९ नोव्हेंबर, बुधवार

एकाच्या हातात टॅब, बाकीचे त्याच्या खांद्यावर हनुवट्या ठेवून. हे आमचं गटकार्य. दौलतच्या गटाने बघता बघता पान भरलं. "पाणी हा मानवी जीवनाचा अविभाज्य घटक असून…" विचारलं, अविभाज्य म्हणजे काय रे? "बाई, ते नेटवर तसंच होतं!"

त्याच गटात रसिका. जूनमध्ये कराडकडच्या गावाहून आली, इथे मानपाड्याला आत्याकडे राहते. वाचायला सावकाश, आणि मनात वाचता येत नाही, सगळं मोठ्याने. तिने टॅब ओढला, आख्खा परिच्छेद पुसला आणि म्हणाली, "हे आपलं न्हाई." त्या जागी तिने लिहिलं — टँकर आला की आत्या भाकरी तव्यावर टाकून पळते. पोरं खदाखदा हसली. दौलत रडकुंडीला आला. "बाई, ती डिलीट मारते!"

खरं सांगायचं तर वाक्य छान होतं. पण तास संपत आलेला. मी तिला म्हटलं, तू उद्यापासून प्रियांकाच्या गटात बस.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

प्रियांकाचं पानही पुसलं. "बाई, हिला दुसरीकडे टाका ना, प्लीज!"

२५ नोव्हेंबर, मंगळवार

तिसरा गट. तिथे तिने टॅब छातीशी धरून ठेवला, कोणालाच देईना. "माझं वाक्य व्हायचंय." वाक्याला अर्धा तास! बाकीच्यांनी तोवर बाकाखाली फुल्ली-गोळा खेळून घेतला.

मी तिला समजावलं. रसिका, गटात जुळवून घ्यावं लागतं गं. तिने विचारलं, "खोटं असलं तरी?" मी म्हटलं, ते खोटं नाही, माहिती आहे. माझंच मला पटलं नाही. घरी येऊन नवऱ्याला सांगितलं तर सुधीर म्हणतो, आमच्या वागळे इस्टेटच्या ऑफिसात एक अशी हवी होती. त्याचं काय जातंय!

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

पाचही गट झाले. पाचांनाही ती नको. आणि मी कितीही साळसूदपणे लिहिलं तरी खरं हेच की मलाही ती नको झालीय. कार्यवाह यायच्या आत पाच पानं भरलेली हवीत, आणि ही रोज एक रिकामं करते.

१ डिसेंबर, सोमवार

लिहवत नाही. पण लिहिते.

फोन बोर्डाला जोडला होता, मुलांना पानं दाखवायला. मुलं कामात होती. मी बोर्डाकडे पाठ करून मेघनाला मेसेज केला. मेघना शेजारच्या वर्गावर असते, आम्ही दिवसभर एकमेकींना काहीबाही लिहीत असतो. लिहिलं — 'रसिकाला आता कुठे टाकू? एकाही गटाला नकोय. गळ्यातला धोंडा झालीय नुसती!'

वर्ग एकदम गप्प झाला. मला वाटलं, वा, लागली मुलं कामाला! आणि मागच्या बाकावरून आवाज आला. एकेक शब्द जुळवत, मोठ्याने. "रसिकाला… आता… कुठे… टाकू…"

सगळं बोर्डावर! माझा फोन, माझी अक्षरं, एवढाली मोठी. मी वायर उपटेपर्यंत ती 'धोंडा'पर्यंत पोचली होती. ती वाचतच होती, कारण सुरू केलेलं ती अर्धवट सोडत नाही.

मग खाली बसली. दप्तर आवरलं. घंटा झाल्यावर सगळ्यांच्या मागून गेली. मी हाक मारली नाही. काय म्हणून मारणार होते?

२ डिसेंबर, मंगळवार

आली नाही.

३ डिसेंबर, बुधवार

आली नाही. वर्गासमोर मी म्हटलं की माझं चुकलं. कोणीही 'असू दे बाई' म्हटलं नाही. मेघना म्हणते, "अगं, पोरं आहेत, चार दिवसांत विसरतील." विसरली तर जास्त वाईट वाटेल मला.

६ डिसेंबर, शनिवार

आत्याच्या घरी गेले. एक खोली, दारात निळं पिंप. आत्याने चहा टाकला. "बसा की मॅडम." एवढ्या अगत्याने की मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिला काही माहीतच नाही! रसिकाने घरी अवाक्षर सांगितलेलं नाही. नुसतं म्हणतेय, शाळंत जायचं न्हाई.

"पोरगी बोलंना झालीया. भावाला फोन केला. त्यो येतोय पुढच्या रविवारी न्यायला. तिकडं शाळा लांब हाय, पर आता हिलाच शिकायचं नसंल तर आम्ही तरी काय करावं?"

रसिका पलीकडे भिंतीला टेकून आत्याचा फोन बघत होती. मी म्हटलं, रसिका, बाई चुकल्या. तुझ्यामुळे नाही, माझ्यामुळे झालं सगळं. सोमवारी ये. आत्या एकदा माझ्याकडे, एकदा तिच्याकडे बघायला लागली. रसिकाने मान वर केली आणि विचारलं, "कुठल्या गटात?"

मी कप खाली ठेवला आणि उठले. खोटं सांगितलं असतं तर तिने तेही पुसलं असतं.

मी दारात चपला घालत होते तेव्हा आत्या म्हणाली, "तुमच्यासारख्या मायाळू मॅडम हायत, तरी बघा हिचं." चपलेचा अंगठा दोनदा चुकला.

८ डिसेंबर, सोमवार

आली नाही. रविवारी बाप येणार, घेऊन जाणार. गावी गेली की संपलं. आठवीतली मुलगी, लांबची शाळा, स्वतःच नको म्हणतेय. पुढचं मला पाठ आहे.

आणि वर्ग कसा चाललाय? सुरेख! भांडण नाही, रडारड नाही. पाचही पानं गुळगुळीत भरली. अविभाज्य घटक परत आला. हेच हवं होतं ना मला? दौलतने विचारलं, "बाई, ती लिंक घरच्या फोनवर पण चालते?" चालते म्हटलं, पण उगाच खेळ करू नका. आता कशालाच अर्थ वाटत नाही.

१० डिसेंबर, बुधवार

उद्याची तालीम. मुख्याध्यापक खूश. "बघा मॅडम, जमलं की नाही गटकार्य!" नेटवरचे परिच्छेद काढायला सांगावं असं मनात आलं. नाही सांगितलं. दिसायला बरे दिसतात.

मी जवळून गेले की मुलं टॅब पालथे घालतात. माझ्यावर कोणाचाच विश्वास उरला नाही. बरोबरच आहे.

११ डिसेंबर, गुरुवार

दौलतचा गट उभा राहिला. बोर्डावर त्यांचं पान. वर नेहमीसारखी गटातल्यांची नावं, आणि शेवटी — रसिका. मी चरकले. दौलतने वाचायला घेतलं, "पाणी हा मानवी जीवनाचा…" आणि बोर्डावरचा परिच्छेद शेवटाकडून पुसला जाऊ लागला. अक्षर अक्षर! टॅब बाकावर, सगळ्यांचे हात मांडीवर. रिकाम्या पानावर सावकाश उमटलं — टँकर आला की आत्या भाकरी तव्यावर टाकून पळते.

"बाई, रसिका आली!" आख्खा वर्ग ओरडला. लिंक आत्याच्या फोनवर पोचली होती. प्रियांका धावत आली आणि आपल्या गटाचं पान लावलं. त्यातही रसिका. मग तिसऱ्याचं, चौथ्याचं, पाचव्याचं. पाचही गटांत तिचं नाव!

मुख्याध्यापक पांढरेफटक. कार्यवाह म्हणाल्या, "हे कोण पुसतंय?"

मी म्हटलं, "आमच्या वर्गातली आहे. पुसू द्या."

आता चप्पल घालून आत्याकडे निघालेय. कुठल्या गटात, ते सांगायला. रविवार अजून यायचाय.