दारामागची शेवटची रेघ

माय, तू जाऊन वीस वर्षं होत आली आणि आज मी भर दुपारी तुझं कौतुक करायला बसले आहे. तू असतीस तर म्हणाली असतीस, "कामधंदा नही का तुले?" कपाट आवरताना माझ्या डाव्या मनगटाचा तो एक्स-रे सापडला, आणि आवरणं तिथेच राहिलं.

गाव सोडून परराज्यात आलो, तिथल्या गोडादऱ्याच्या खोलीत तू दिवसभर साड्यांचे सुटे दोरे कापायचीस आणि मी सारखी तुझ्या कात्रीला हात घालायचे. म्हणून चौथ्या वर्षीच तू मला शाळेत नेलंस. जन्माचा दाखला नव्हता. डोक्यावरून हात नेऊन पलीकडचा कान धरता आला की पोर सहा वर्षांचं झालं, असं गुरुजी धरायचे. माझा हात कुठला पोचतो! तू माझे केस सारखे करायच्या निमित्ताने डोकं हळूच तिरकं केलंस आणि कान हाताला लागला. गुरुजींनी सगळ्यांची लिहायचे तीच एक जून तारीख लिहिली, साल मात्र दोन वर्षं आधीचं. बाबा उधन्याच्या कारखान्यात कापडाच्या मागावर बारा-बारा तास उभे असायचे, त्यांना साल कुठलं लक्षात राहायला? पुढे घरातही रजिस्टरमधलंच वय माझं वय झालं.

त्या वयाने मी पंधराची झाले तेव्हा वर्गात सगळ्यांत बुटकी होते आणि पाळीचा पत्ता नव्हता. बाबांच्या बहिणीने, माझ्या फुईने, गावाकडचं एक स्थळ हेरून ठेवलं होतं. "पंधरानी व्हयनी पोर. सुई दी टाका, पाळी यी जाई," असं ती रोज बाबांच्या कानाशी लागायची, आणि सुई देणारा कंपाउंडरही तिने शोधला होता. तू हट्टच धरलास, आधी मोठ्या डॉक्टरला दाखवायचं.

डॉक्टर माझ्या एक्स-रेची फिल्म खिडकीच्या उजेडात धरतात. मनगटाजवळ हाडांच्या टोकांशी बारीक काळ्या रेघा. "बेन, ये लकीरें खुली हैं, हड्डी अभी बढ़ रही है. पंद्रह की लड़की का हाथ ऐसा नहीं होता. दवा चालू करनी पड़ेगी. उमर तो पक्की है ना?" फुई म्हणते, रजिस्टरमध्ये लिहिलेली आहे. बाबाही मान डोलावतात. तुझा अंगठा कात्रीने पडलेल्या घट्ट्यावर फिरतोय. मग तू म्हणतेस, "साहेब, हाथ सच बोलता है. झूठ मैं बोली थी. लड़की तेरह की है."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. तेराव्या वर्षी पाळी आली नाही तर त्यात घाबरण्यासारखं काही नाही, म्हणाले. बाहेरून हार्मोन दिलं तर पोर आधी भराभर वाढेल, पण त्या रेघा वेळेआधीच बुजतील, आणि एकदा बुजल्या की उंची तिथेच थांबते. सुई टळली, स्थळही टळलं. फुई त्याच दिवशी रुसून गावी गेली आणि बाबा चार दिवस तुझ्याशी बोलले नाहीत. तू ताट वाढून त्यांच्यासमोर ठेवायचीस आणि मला म्हणायचीस, "रुसू दे त्यासले. तू वाढ." नवऱ्यादेखत, नणंदेदेखत, परक्या माणसासमोर स्वतःला खोटं म्हणवून घ्यायला केवढी छाती लागते, हे मला आई झाल्यावर कळलं.

पुढच्या वर्षी पाळी आपली आपण आली. त्यानंतर दर दिवाळीला तू मला दारामागे उभं करून डोक्यावर पाटी ठेवायचीस आणि भिंतीवर खडूने रेघ मारायचीस. चार बोटं, तीन बोटं, मग एकच. रेघ मारलीस त्या शेवटच्या दिवाळीलाही माझी उंची बोटभर जास्त भरली, तेव्हा तू शेजारणीला बोलावून भिंत दाखवलीस आणि किती हसलीस.

हे पत्र एक्स-रेच्या पाकिटातच ठेवते आहे. माझ्या हाडांतल्या रेघा तोवर बुजल्या होत्या, माय. त्या दिवाळीला मी टाचा उचलल्या होत्या.