उडदाच्या पिठात हात आणि धुळ्याचा अर्ज

चिरंजीव शालिग्राम यास धरणगावहून थोरल्या अक्काचा भरपूर आशीर्वाद. सौ. ललितालाही आशीर्वाद (तिला वाचून दाखवशील तेव्हा हे वाक्य मोठ्याने वाच, पुढची काही हळू). तुझी साखर कशी आहे? तू गोड सोडलंस असं ललिता सगळ्यांना सांगते आणि मागच्या खेपेला आमच्याकडे पुरणपोळीवर दुसऱ्यांदा तूप घेताना मी तुला पाहिलं, म्हणजे नवराबायकोपैकी एकाची समजूत चुकीची आहे. माझं विचारशील तर गुडघे दुखतात. पण ते माझे गुडघे आहेत, माझं मी बघून घेईन.

फोन का केला नाही म्हणशील. फोनवर तू नुसतं "हो अक्का, हो अक्का" म्हणतोस आणि तेवढ्यात तुला नेमकी कोणीतरी हाक मारतं. पत्राला हो अक्का म्हणून सुटका होत नाही. तेव्हा शेवटपर्यंत वाच. (तुझी सवय मला ठाऊक आहे. लग्नपत्रिकेतसुद्धा जेवणाची वेळ सापडली की तू पुढे वाचत नाहीस.)

तर गोष्ट आपल्या शीतलची. नवलची थोरली, माझी नात. तिला पोलीस व्हायचंय हे तुला माहीत आहेच. मागच्या भरतीत तिने अर्ज भरला पुण्याला. का, तर कॉलेजातल्या मैत्रिणीने पुण्याला भरला म्हणून. मैत्रिणीला पुण्यात मावशी होती, हिला कोण होतं? ज्या गावात घर भाड्याने मिळायला माणसं रांग लावतात तिथे नोकरी मागायला किती उभी असतील, एवढा साधा हिशेब बी.ए. झालेल्या पोरीला सुचू नये! पळाली चांगली, गोळा चांगला फेकला, पेपरही बरा गेला आणि यादीत नाव नाही. थोडक्यात गेली म्हणतात. थोडक्यात गेलेल्याला काय थोडक्यात पगार मिळतो?

घरी आल्यावर नवलने जाहीर केलं, ही शेवटची खेप. यंदा झालं तर झालं, नाहीतर रावेरच्या स्थळाला होकार. स्थळ वाईट नाही, मी खोटं बोलणार नाही. केळीचा मळा आहे, मुलगा निर्व्यसनी आहे, दिसायला बरा आहे. पण त्याची आई आली होती शीतलला चोरून बघायला (गावातल्या लग्नाला आले असं निमित्त करून), तेव्हा पोरगी मैदानावरून घामाघूम येत होती. तर ती बाई मला म्हणते कशी, लग्नानंतर पळायची काही गरज नाही, आमच्याकडे ट्रॅक्टर आहे. मी म्हटलं, ट्रॅक्टर चोराच्या मागे पळतो का? त्यावर ती हसली नाही. जी बाई यावर हसत नाही तिच्या घरी नात द्यायची नाही, हे माझं तेव्हाच ठरलं. नवलचं मात्र उलट ठरलं.

म्हणून या खेपेला मी स्वतः लक्ष घातलं. आधी शीतल भरतीची तयारी करते त्या अकादमीत गेले. अकादमी म्हणजे पत्र्याचं शेड आणि बाहेर सुकदेवसरांचा भला मोठा बॅनर. सर मला खुर्ची देऊन म्हणाले, आजी, आता नुसत्या मेहनतीने होत नाही, मुलांनी स्ट्रॅटेजी ठेवायला पाहिजे, मोठं चित्र बघायला पाहिजे. मी म्हटलं, चित्र तर बाहेर तुमचंच लागलंय, त्याहून मोठं गावात नाही. मला एवढंच सांगा, एका पोरीला एकाच जिल्ह्यात अर्ज करता येतो, तर कुठला करायचा? सर डोळे मिटून म्हणाले, मन सांगेल तो. शालिग्राम, मन सांगेल तो! मनाने पुणे सांगितलं होतं म्हणून तर घरी बसली पोरगी.

मग मीच बसले विचाराला. आपण बाजारात मेथी घ्यायला जातो तेव्हा वेशीतल्या पहिल्या बाईपाशी जातो का? तिथे सगळा गाव वाकलेला असतो. पलीकडे, जिथे जरा चालावं लागतं, तिथे भाजीही ताजी आणि बाईही बोलायला मोकळी. आता जळगाव जिल्ह्यातल्या पोरी कुठे भरणार? जळगावला. घरचा डबा, घरचा भाऊ सोडायला, संध्याकाळी घरी परत. म्हणून आपण धुळ्याला भरायचं. जागाही बऱ्यापैकी निघाल्या होत्या आणि मुक्कामाला तू आहेस. शीतलला पटलं. मी तिला बजावलं की अर्ज शेवटच्या दिवशी भर आणि तोपर्यंत तोंडाला कुलूप लाव. (कुलूप माझ्या तोंडाला लावायला हवं होतं, ते पुढे येईलच.)

आमच्या गल्लीत अकादमीत जाणाऱ्या एकूण पाच पोरी. त्यातली कमलबाईची नात हर्षाली पक्की. चणीने बारीक, पण पळायला लागली की वेणीच तेवढी दिसते. ही आणि शीतल एका जिल्ह्यात नकोत, एवढं मला कळत होतं. तेवढ्यात निघाला कमलबाईकडे उडदाच्या पापडांचा दिवस. आमची गल्ली अजून एकमेकींकडे पाळीने पापड लाटते. सगळ्याजणी आपापलं पोळपाट-लाटणं घेऊन जमतो, आणि ज्या घरी पापड तिने सगळ्यांना चहा पाजायचा. (कमलबाईचा चहा बघूनच ओळखायचा, चवीवरून नाही.) मी परातीपाशी बसून पीठ मळत होते. हात कोपरापर्यंत तेलाने माखलेले. कमलबाईने संधी साधली.

"अक्का, खरं सांग, तुनी नात कोठे फॉर्म भरी ऱ्हायनी?"

आता माझं डोकं बघ कसं चाललं. या बायांना मी आजपर्यंत कुठलीच गोष्ट खरी सांगितलेली नाही. मसाला कुठून आणला विचारलं की अमळनेर सांगते आणि आणलेला असतो चोपड्याहून. साडी कुठली विचारलं की भावाने दिली म्हणते. (तू कधी दिलीस?) हे त्यांनाही पाठ झालंय. म्हणजे मी जे नाव घेईन ते सोडून बाकी सगळं त्या खरं मानणार. मी जळगाव म्हटलं असतं तर कमलबाईने लगेच धुळ्याचा वास काढला असता. म्हणून मी सरळ खरंच सांगून टाकलं.

"धुयाले भरी ऱ्हायनी. जाय, सांग बठ्ठासले."

सगळ्यांना सांग म्हटल्यावर बाया एकमेकींकडे बघून हसल्या. मीही मनात हसले. मला वाटलं, गेल्या आता सगळ्या जळगावला.

पण एक गोष्ट मी विसरले. आमच्या गल्लीत असं मानतात की उडदाच्या पिठात हात असताना जी बाई खोटं बोलेल, तिच्या हातचा पापड तळताना लाल पडतो. मी हे मानत नाही. पापड लाल पडतो तो पापडखार जास्त झाला म्हणून. पण मी मानत नाही म्हणून त्या मानत नाहीत असं थोडंच आहे? त्या हसल्या त्या मला नाही, आनंदाने हसल्या. एवढ्या वर्षांत ही ताईबाई, म्हणजे मी, एकदाची पिठात हात घालून खरं बोलली म्हणून! वर विचार असा केला की ताईबाईचा भाऊ धुळ्याला आहे, त्याने आतून काहीतरी चौकशी केलेली असणार. (तू आणि चौकशी! तुझ्या घरासमोरची गटार कोणाकडे आहे हे तुला सात वर्षं कळलेलं नाही.) झालं. मुदत संपली त्या संध्याकाळी कमलबाई पेढे घेऊन आली आणि म्हणाली, अक्का, तुझे उपकार, आपल्या पाचही पोरींनी धुळं भरलं.

मी पेढा घेतला. तोंडात टाकला. वर कमलबाईला चहाही पाजला.

रात्रभर चिडले खरी, पण चिडून भाकरी भाजली जात नाही. सकाळी उठून पोरी पळतात ते मैदान गाठलं आणि कट्ट्यावर बसून डोळ्यांनी बघितलं. शीतल एकटी पळते तेव्हा निम्म्यानंतर बागेत फिरायला आल्यासारखी होते. पण हर्षाली पुढे असली की त्या वेणीकडे बघून हिच्या अंगात काय शिरतं कोण जाणे, शेवटच्या वळणाला दात खाऊन पळते. त्या दिवशी हर्षालीच्या खांद्याला खांदा लावून आली आणि सुकदेवसरांनी घड्याळ दोनदा बघितलं. मी तिथेच ठरवलं. धुळ्याला हजारो पोरी येणार, त्यात आपल्या गल्लीतल्या चार जास्त झाल्या तर आभाळ कोसळत नाही. उलट हर्षाली शीतलच्या पुढे पळाली पाहिजे, चांगली जेवून, चांगली झोपून, ताजीतवानी. तिची आजारपणं, रुसवेफुगवे, सगळं आता मला सांभाळायचंय. परवा कमलबाईकडे डिंकाचे लाडू पाठवले. ती अजून हुंगतेय, ताईबाईने यात काय घातलं असेल म्हणून.

तर असं सगळं आहे. आता वेळ थोडा आहे, शीतलची मैदानावरची परीक्षा आखाजीच्या सणाआधीच्या शुक्रवारी आहे आणि मागे हटायचा विचार मी केलेला नाही. तुम्ही दोघं सुखात राहा, पाणी उकळून प्या.

तुझी,
ताईबाई

ता. क. शीतल गुरुवारी तुझ्याकडे मुक्कामाला येईल. तिच्याबरोबर बाकी चौघी. त्यांच्यावर लक्ष ठेवायला कमलबाई. कमलबाईवर लक्ष ठेवायला मी. ललिताला सांग, स्वयंपाकाची काळजी करू नको, कळण्याच्या भाकरी आणि ठेचा आम्हीच आणू. गाद्यांची काळजी केली तर चालेल. हर्षालीला पंख्याखाली झोपव.

ता. क. दोन. खरं काम आता सांगते. नवलने रावेरच्या लोकांना मुलगी बघायला नेमकं त्याच शुक्रवारी बोलावलंय. मुद्दाम की विसरून, ते विचारलं नाही, कारण उत्तर काहीही आलं तरी भांडण होणार. माझं तो ऐकत नाही, पण तुझं ऐकतो, कारण तू मामा आहेस आणि त्याच्या लग्नात तू त्याच्यासाठी सगळ्या मुलीकडच्यांशी भांडलास. तेव्हा त्याला फोन कर आणि म्हण की मामाला सोडून मुलगी दाखवायची ही कुठली रीत, मला आखाजीनंतरच सवड आहे. एवढंच म्हण. कारण विचारलं तर जोरात खोकला काढ. जास्त बोलायला गेलास तर सगळं सांगून बसशील.

ता. क. तीन. पाकीट चिकटवणार तेवढ्यात नवल जळगावहून आला. एक खोकं शीतलपुढे ठेवलं आणि हातपाय धुवायला गेला. पळायचे बूट आहेत, भारीतले. एक नंबर मोठे आणलेत, पाय वाढेल म्हणून! तेवीस वर्षांच्या मुलीचा पाय! पोरगी ते घालून अंगणात फटक फटक चालतेय आणि बाप मोरीत उगाच तांब्यावर तांबे ओततोय. तरी तू फोन करच. त्याचं मन वळलं असलं तरी रावेरवाल्यांना नाही म्हणायला त्याला कोणाच्या तरी नावाची गरज पडेल, तिथे मामाचं नाव बरं. बुटांचं मी बघते. पुढे बोटांपाशी कापूस कोंबून देते. धरणगावात कापसाला काय तोटा?